वीतभर मातीखालचे नाणे

धातुशोधक यंत्र विकत घेण्याचे ज्याच्या मनात आले आहे, तो गृहस्थ दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारतो : हे किती खोलवरचे दाखवते? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे एका आकड्यात जे उत्तर मिळते ते बहुधा खोटे असते, किंवा दुकानदार सज्जन असला तर निदान अपुरे असते. नाणे केवढे व कोणत्या धातूचे, ते मातीत आडवे पडले आहे की उभे, माती काळी की तांबडी, आसपास गंजलेल्या लोखंडाची गर्दी किती, आणि यंत्र धरणाऱ्याचा हात जमिनीपासून किती उंच, इतक्या गोष्टी ठरल्याखेरीज खोलीची गोष्ट बोलताच येत नाही. तरीही वाचकाला टांगून ठेवण्यापेक्षा माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. यंत्र चांगल्या प्रतीचे, माती निर्दोष आणि नाणे राणीछाप रुपयाएवढे असा योग जुळून आला तर वीतभर, फार तर फूटभर. एकट्या नाण्याच्या बाबतीत त्यापलीकडचे जे काही सांगितले जाते ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि पैसे खिशातच ठेवावेत.

आपल्याकडे जमिनीतील धनाची कल्पना सुट्या नाण्यापासून सुरू होत नाही. ती हंड्यापासून सुरू होते. पडक्या गढीच्या बुरुजाखाली, वाड्याच्या माजघरात किंवा बुजलेल्या आडाच्या काठी मोहरांचा हंडा असून त्यावर नाग बसला आहे, ही कथा ज्या गावात नाही असे गाव महाराष्ट्रात विरळा. पूर्वी अशा ठिकाणी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून त्याला भूमीच्या पोटातले दिसते असे मानीत. आज त्या पायाळूच्या जागी बॅटरीवर चालणारे यंत्र आले आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की यंत्राविषयीची श्रद्धाही पुष्कळ अंशी त्याच जातीची आहे. ते यंत्र नेमके काय करते हे एकदा समजले म्हणजे खोलीचा प्रश्न आपोआप मर्यादेत येतो. म्हणून प्रथम तेवढे पाहू.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी जी चपटी थाळी असते तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. व्यवहारात तिलाच कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की खालच्या मातीत तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात एखादे नाणे आले तर त्याच्या अंगी आवर्तरूप प्रवाह खेळू लागतात. आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे जे अतिक्षीण क्षेत्र वर येते ते दुसरे वेटोळे टिपून घेते व आपल्या कानाशी आवाज उठवते. म्हणजे विहिरीत घातलेली हाक आणि तिचा पडसाद असा हा दुहेरी प्रवास आहे. जाताना क्षेत्राचे बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, आणि परतताना पुन्हा त्याच प्रमाणात. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे संकेत अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो असे निघते. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टांश उरतो, तिप्पट झाली की सातशेएकोणतिसांश, आणि दहापट झाली की दहा लाखांश! कॉइलच्या अगदी निकट हे प्रमाण काहीसे सौम्य असते हे खरे. परंतु कॉइलच्या व्यासाएवढे अंतर ओलांडल्यावर निसर्गाचा हा हिशेब कोणालाही सवलत देत नाही.

याच हिशेबाची उलट बाजू खरेदीदाराने विशेष ध्यानात ठेवावी. यंत्राची शक्ती दुप्पट केली, असे जाहिरातीत छापलेले असते, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की खोलीही दुप्पट झाली. वस्तुतः शक्ती दुप्पट केल्याने खोली वाढते ती शेकडा बारा, म्हणजे वीस सेंटिमीटरची जेमतेम साडेबावीस. खोली खरोखर दुप्पट व्हायची तर शक्ती चौसष्टपट पाहिजे, आणि तेवढी शक्ती ओतली तरी ती नाण्याबरोबर मातीतील लोहकणांनाही चेतवते, मग नाण्याचा पडसाद मातीच्या कोलाहलात बुडून जातो. म्हणूनच गेल्या काही दशकांत यंत्रांची जी खरी सुधारणा झाली ती क्षीण संकेत कोलाहलातून वेगळा काढण्याच्या कौशल्यात झाली. नुसत्या बळात नव्हे.

कॉइलच्या आकाराविषयीही असाच समज-गैरसमज आहे. मोठ्या कॉइलचे क्षेत्र अधिक खोलवर जाते, आणि नाणे साधारणतः कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत लागते असा जो ठोकताळा अनुभवी मंडळी सांगतात तो स्थूलमानाने बरोबर आहे. परंतु त्याला वरची मर्यादा आहे. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या कॉइलऐवजी चाळीसची लावली म्हणजे क्षत्रपांचे चिमुकले नाणे चाळीस सेंटिमीटरवरून लागेल अशी अपेक्षा कोणी करील तर तो फसेल. क्षेत्र जितके विस्तृत तितका लहान वस्तूच्या वाट्याला येणारा भाग कमी, शिवाय मोठी कॉइल एकाच वेळी अधिक माती व अधिक कचरा आपल्या कवेत घेते आणि तासाभरात मनगटाला रग लावते ती वेगळीच. नाण्यांसाठी तेवीस ते अठ्ठावीस सेंटिमीटरची कॉइल पुरेशी. आणि जुन्या वस्तीच्या जागी, जेथे खिळ्यामोळ्यांचा बुजबुजाट आहे, तेथे पंधरा सेंटिमीटरची लहान कॉइल मोठीपेक्षा जास्त नाणी काढून देते.

आता नाण्यांकडे वळू, कारण खोलीचा निम्मा निकाल तेच देतात. विक्टोरिया राणीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास सुमारे तीस मिलिमीटर. चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक. असे रुंद, आडवे पडलेले चांदीचे नाणे म्हणजे यंत्राचे मिष्टान्नच. ते वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून लागावे, माती अनुकूल असली तर तीसवरूनही. तांब्याची शिवराई वजनाने दहा-बारा ग्रॅमची, जाड पण रुंदीला कमी. तिच्यासाठी पंधरा ते वीस सेंटिमीटर धरावेत. नहपानासारख्या पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी दोन-सव्वादोन ग्रॅमची, चण्याच्या डाळीहून मोठी पण आजच्या कोणत्याही नाण्याहून लहान. ती दहा-बारा सेंटिमीटरवर लागली तरी समाधान मानावे. शिवकालीन सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, त्याचीही गत तीच; त्याच्यासाठी उच्च कंप्रतेचे, म्हणजे वीस किलोहर्ट्झच्या वर चालणारे यंत्र बरे, तर मोठ्या चांदी-तांब्यासाठी पाच ते दहा किलोहर्ट्झचे. सातवाहनांची शिशाची व पोटिन नावाच्या मिश्रधातूची नाणी मात्र आकाराने बरी असूनही कमी खोलीवरच हाती लागतात, कारण शिसे चांदीच्या मानाने विजेचे फारच मंद वाहक आहे आणि पोटिनमधील कथील-शिशाची भेसळ तांब्याचा गुण मारते. हे सर्व आकडे नाणे आडवे पडले आहे असे समजून दिलेले आहेत; तेच नाणे कडेवर उभे असेल तर त्यातून निम्मी खोली वजा करण्याची तयारी ठेवावी. जाता जाता एक गंमत सांगतो : आजचे आपले पोलादी रुपये चुंबकाला चिकटतात, म्हणून यंत्र त्यांची गणना लोखंडात करते, खिळे वगळण्याची सोय चालू ठेवून अंगणात फिरणाऱ्या मनुष्याला चालू चलनातला रुपया पायाखाली असूनही सापडत नाही.

सापडण्याची खोली आणि ओळखण्याची खोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. यंत्राच्या पडद्यावर वस्तूच्या धातूचा जो अंक उमटतो तो उथळ नाण्याच्या बाबतीत विश्वासार्ह असतो. नाणे खोल गेले की मातीचा प्रभाव त्यात मिसळतो, अंक डळमळू लागतो आणि शेवटी उत्तम चांदीसुद्धा लोखंडाच्या रकान्यात जाऊन पडते. म्हणून खोल नाण्याच्या शोधात असणाऱ्याने धातू वगळण्याची योजना शक्य तितकी सैल ठेवावी आणि डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भिस्त ठेवावी. पडद्यावर जो खोलीचा आकडा येतो तोही एका ठराविक आकाराचे नाणे गृहीत धरून काढलेला असतो. खाली डब्याचे झाकण असेल तर तो आकडा उथळ निघतो, होन असेल तर खोल.

शेजारच्या लोखंडाने मुख्य संकेत कसा झाकोळतो याची सर्वांत प्रसिद्ध आणि करुण हकीकत या विद्येच्या जन्माचीच आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली. ती शरीरात कोठे रुतली हे कळेना, तेव्हा टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातूचा ठाव घेणारे विद्युत्-उपकरण घाईने सिद्ध केले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले. रुग्णाच्या अंगावरून फिरवताना मात्र नुसतेच गुणगुणत राहिले. राष्ट्राध्यक्ष ज्या शय्येवर निजले होते तिच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूचा, गोळी तर होती डाव्या बाजूला. १९ सप्टेंबरला गारफील्ड निवर्तले. जुन्या वाड्याच्या पडझडीत किंवा गोठ्याच्या जागेत शोध घेणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते : बैलांच्या पत्र्या, फाळाचे तुकडे, दाराच्या कड्या, बाटल्यांची बुचे आणि औषधाच्या गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्या यांच्यामध्ये नाणे चार बोटांवर असूनही मुके राहते. तेथे खोल जाणाऱ्या यंत्राचा काडीइतका उपयोग नाही. लहान कॉइल, मंद चाल आणि आधी वरचा कचरा उपसून काढण्याची चिकाटी, हेच उपाय.

मातीचे प्रकरण महाराष्ट्रापुरते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण यंत्रांसोबत येणाऱ्या पुस्तिका युरोप-अमेरिकेच्या मातीवर लिहिलेल्या असतात. आपले पठार काळ्या पाषाणाचे. त्या पाषाणात लोहयुक्त चुंबकीय खनिज आहे आणि त्याच्याच झिजेतून आपली माती झाली आहे. अशा जमिनीवर यंत्र सुरू केल्यावर जमिनीचा तोल साधणे हे पहिले कर्तव्य : स्वच्छ जागा पाहून कॉइल जमिनीशी समांतर ठेवून खालीवर करावी आणि माती स्वतः आवाज करीनाशी होईपर्यंत यंत्र जुळवून घ्यावे. हा विधी एकदा सकाळी उरकून भागत नाही. काळ्या रानातून मुरमाड माळावर गेले की पुन्हा करावा लागतो. कोकणातील जांभ्याची तांबडी जमीन याहून हट्टी, आणि तेथे साधे यंत्र निम्मी खोली गमावते. क्षणोक्षणी विजेचा ठोका देऊन थांबणारी जी दुसऱ्या जातीची यंत्रे असतात ती अशा जमिनीवर व खाऱ्या ओल्या वाळूवर सरस ठरतात, पण खिळा कोणता आणि मोहर कोणती हे त्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून जो आवाज येईल तो खणून पाहण्याची तयारी लागते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू कोणत्याही यंत्राला सुखाची. पाण्याच्या कडेची ओली वाळू मिठामुळे स्वतःच विजेची वाहक बनते आणि एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या यंत्राला बेजार करते.

काळ्या मातीचा आणखी एक विशेष आहे, आणि खोलीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. गारफील्डवर गोळी झाडली गेली त्याच साली चार्ल्स डार्विनचा गांडुळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमिनीवर पडलेल्या वस्तू गांडुळे आपल्या विष्ठेच्या थराखाली हळूहळू कशा गाडून टाकतात हे त्याने त्यात दाखवले. इंग्लंडच्या कुरणात नाणे असे शांतपणे, सरळ रेषेत खाली जाते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात काळे रान भेगाळते, भेगा हातभर आणि त्याहूनही खोल जातात, त्यांत वरची माती, धसकटे, खडे आणि एखादे नाणे एका क्षणात गडप होते. मग मृगाचा पाऊस येतो, माती फुगते, भेगा मिटतात, आणि खालची माती दाबाने वर सरकते. म्हणून काळ्या रानात नाण्याच्या खोलीवरून त्याचा काळ ठरवणे धोक्याचे, आणि एकाच पिढीत सांडलेली दोन नाणी एक नांगराच्या तासात व दुसरे हातभर खाली मिळणे अगदी शक्य. दुसऱ्याचा नाद सोडावा. पहिले मात्र दर नांगरटीत जागा बदलते, आणि गेल्या वर्षी कोरे वाटलेले शेत यंदा बोलू लागते ते यामुळे.

शेतात शोध घेण्याचा उत्तम काळ पीक निघाल्यावर आणि वखरणी झाल्यावर. ज्वारीची धसकटे उभी असताना कॉइल जमिनीपासून चार-पाच इंच वर राहते, आणि ती चार-पाच इंचांची उंची तुमच्या खोलीतूनच वजा होते. वीतभर नजर असलेल्या यंत्राची निम्मी नजर मग हवेतच खर्ची पडते. एखादी सर येऊन माती बसली असली तर अधिक चांगले; ढेकळे फुटलेली असतात, कॉइल जमिनीला घासून नेता येते आणि खड्डा स्वच्छ निघतो.

यंत्राची खरी खोली पाहायची असेल तर दुकानात नाणे हवेत धरून करून दाखवलेल्या प्रयोगावर विसंबू नये. हवेत लोहकण नसतात. स्वतःच्या परसात, आधी तेथे दुसरा धातू नाही याची खात्री करून, एक जुना चांदीचा रुपया, एक तांब्याचा पैसा आणि एक लहान नाणे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा, पंधरा व वीस सेंटिमीटरवर हातभर अंतराने पुरावीत, खुणेच्या खुंट्या ठोकाव्यात आणि यंत्राच्या निरनिराळ्या योजना करून प्रत्येकाचा आवाज कानांत मुरवावा. ताजी उकरलेली माती पोकळ असते. म्हणून एक पावसाळा गेल्यावर पुन्हा पाहावे. या परसातल्या पाठशाळेत जी खोली मिळेल ती तुमच्या यंत्राची, तुमच्या मातीतली आणि तुमच्या हाताची खोली. छापील पत्रकातील आकडा त्यापुढे व्यर्थ.

प्रत्यक्ष शोधाच्या वेळी कॉइल झोपाळ्यासारखी दोन्ही टोकांना वर उचलली जाते, ही जवळजवळ सर्वांची खोड. ती टोकेही जमिनीलगतच राहिली पाहिजेत. एका फेरीला दीड-दोन सेकंद लागावेत, आणि प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढावी, कारण कॉइलखालचे क्षेत्र खोलीबरोबर निमुळते होत जाते आणि पाऊल मोठे टाकले की खालच्या थरातील मधल्या पट्ट्या तशाच राहून जातात. मोबाइल बंद ठेवावा, विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि कानावर हेडफोन लावावा. उथळ डबा ठणठणीत ओरडतो. खोलवरचे नाणे कुजबुजते. कुजबुज ऐकू आली की तेथेच थांबून कॉइल उलटसुलट फिरवावी, मग काटकोनात वळून पुन्हा फिरवावी. चारही दिशांनी आवाज लहान, गोल आणि एकाच बिंदूवर आला तर खणण्यासारखे काही आहे, आणि एकाच दिशेने चिरका येऊन दुसऱ्या दिशेने नाहीसा झाला तर बहुधा वाकडा खिळा आहे. खणताना बिंदूच्या मध्यावर खुरपे कधीही मारू नये. वीतभर घेराचे ढेकूळ बाजूने कापून उलटावे, आधी ढेकूळ तपासावे, नंतर खड्डा, आणि खड्डा पूर्ववत बुजवावा. खुरप्याच्या एका ओरखड्याने दोन हजार वर्षांचे राजमुख विद्रूप झालेले पाहणे सुखाचे नसते.

हंड्याची गोष्ट निराळी. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली, त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एवढा साठा एकत्र, गंजाने एकमेकांस चिकटून असला तर यंत्राला तो एकच मोठा गोळा भासतो आणि अर्ध्या मीटरहूनही खालून लागतो. दोन पेट्या दांड्याने जोडलेली जी खास यंत्रे असतात ती असा साठा मीटर-दीड मीटरवरूनही दाखवतात, मात्र त्यांना सुटे नाणे अजिबात कळत नाही. जमिनीत रेडिओलहरी सोडणाऱ्या रडारचा बोलबाला अलीकडे फार ऐकू येतो; ते थर, भिंती व पोकळ्या दाखवते, धातू ओळखत नाही, आणि आपल्या चिकण काळ्या मातीत त्याच्या लहरी फार लवकर विरतात. जगातील गाजलेले शोध पाहिले तरी खोलीचा बडेजाव दिसत नाही : ऑस्ट्रेलियात १९८० साली मिळालेला 'हँड ऑफ फेथ' नावाचा सत्तावीस किलोंचा सुवर्णपिंडसुद्धा फूटभर मातीखालीच होता.

म्हणून पंधरा मीटर खोलवरचे सोने शंभर मीटर अंतरावरून दाखवतो म्हणणाऱ्या काड्यांच्या यंत्रांविषयी दोन शब्द पुरेत. ब्रिटनमधील जेम्स मॅकॉर्मिक नामक इसमाने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनवलेले असेच एक यंत्र स्फोटके शोधण्याचे म्हणून इराकला विकले. त्यात कामाचे काहीही नव्हते, आणि २०१३ साली त्याला दहा वर्षांची कैद झाली. आपल्याकडे तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याच्या नावाने लुबाडणारे त्याच गोत्राचे. आणि यंत्राच्या जोडीला कोणी मांत्रिक सुचवू लागला तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधार्थ केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश आहे, हे त्याला सांगून दार लावून घ्यावे.

कायद्याचा भाग टाळता येत नाही. संरक्षित स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली येतात, तेथे परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा. तेव्हा गडकिल्ल्यांवर आणि पांढरीच्या टेकाडांवर यंत्र नेऊच नये. इतरत्रही दुसऱ्याच्या सातबाऱ्याच्या जमिनीत मालकाची लेखी संमती घेतल्याखेरीज पाऊल टाकू नये, आणि सापडेल त्याची वाटणी कशी हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. कारण १८७८ चा निखात निधी कायदा अद्याप अंमलात आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही जमिनीत लपलेले मिळाले (रुपयाची किंमत कोठून कोठे गेली, कायद्यातील हा आकडा मात्र जागचा हललेला नाही) तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यायची असते. तीत वस्तूंचे स्वरूप व अंदाजी किंमत, ठिकाण आणि तारीख नमूद करायची, आणि ऐवज जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करायचा किंवा त्याबद्दल जामीन द्यायचा. मग जिल्हाधिकारी जाहीरनामा काढून चार ते सहा महिन्यांच्या अवधीत हक्कदारांना बोलावतात. ऐवज बेवारस ठरला आणि जागामालकाशी काही करार नसला तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. सरकारला तो स्वतःकडे घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. वर्दी न देता दडपून ठेवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. खासगी व्यक्तीला ती परदेशी धाडता येत नाहीत. खजिन्यात जमा केल्याची पोच शिक्क्यानिशी घ्यावी आणि पंचनाम्याची नक्कल मागावी.

सापडलेले नाणे घासू नये. चिंच, राख, पितांबरी यांचा मोह आपल्या घरांतून फार. पण त्या हिरवट-काळ्या पुटाखालीच अक्षरे शाबूत असतात, आणि घासलेल्या नाण्याची किंमत अभ्यासकाच्या व ग्राहकाच्या दोघांच्याही लेखी पडते. कागदाच्या पुडीत घालून वर शेताचा गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, खोली आणि तारीख लिहावी. एकाच खड्ड्यातून दुसरे आणि तिसरे नाणे निघाले, किंवा खापराची कड लागली, तर खुरपे बाजूला ठेवून खणणे तत्काळ थांबवावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ २०१० साली डेव्ह क्रिस्प नावाच्या शोधकाने सुमारे फूटभर खोलीवर घड्याची कड लागताच हेच केले. तज्ज्ञांनी तो घडा थराथराने उकलला तेव्हा ५२,५०३ रोमन नाणी निघाली, आणि त्यांतली सर्वांत अलीकडची पुष्कळशी तळाकडच्या भागात असल्यामुळे, घडा वर्षानुवर्षे थोडाथोडा भरत गेला नसून एकाच वेळी भरला असावा, हे कळू शकले. घाईने उपसून गोणीत भरली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण हा क्रम कायमचा मोडला असता.